कप्तानाच्या खोलीची भिंत

जुन्या सिनेमात ते जहाज बुडालं होतं. इतक्या वर्षांनी निर्मात्याला बुडण्याआधीची गोष्ट सुचली आणि कलाविभागाच्या डोक्याला ताप झाला. गोष्ट आधीची, सिनेमा मात्र नंतरचा. म्हणजे तेच दिवे, तीच दारं, पण सगळं कोरं करकरीत हवं. आणि एखादी कडी जरी वेगळी दिसली, तर जुने प्रेक्षक बोटं मोडायला तयारच. मूळ जहाजाचा सेट बाबांनी उभारला होता. आता ते काम त्यांच्या मुलीकडे आलं होतं. बापाच्या पुण्याईवर मिळालं, असं लोक म्हणायचे, आणि तीही ते नाकारायची नाही.

घोडं अडलं ते कप्तानाच्या खोलीपाशी. सिनेमात तिथली भिंत हिरवी. पण गोदामात जुन्या सेटची एक फळी सापडली, ती चांगली गडद निळी निघाली. टीव्हीसाठी काढलेल्या प्रतीत निळ्याचा हिरवा झाला होता आणि तीच प्रत घरोघरी पोहोचली होती. लोकांनी हिरवी पाहिलीय, हिरवीच रंगवा, असं निर्मात्याचं म्हणणं. मुलगी हटून बसली. ज्यानं रंग निवडला त्यालाच, बाबांनाच विचारू, म्हणाली.

खरं तर तिला भिंतीचं पडलं नव्हतं. दादा बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होता. बाबा गॅस चालू ठेवून फिरायला जात, शेजाऱ्यांच्या कुलपाला आपली किल्ली लावत. परवा तर त्यांनी दादालाच विचारलं होतं, तुमचे वडील बरे आहेत ना? दादा बिचारा बरे आहेत म्हणाला. मुलीचं आपलं एकच पालुपद, बाबा माणसं विसरतील, रंग विसरणार नाहीत. दोन पांढऱ्यांतला फरक त्यांना डोळे किलकिले न करता कळायचा.

"रंग ओळखला, तर राहू देत घरी," दादा शेवटी म्हणाला.

स्टुडिओत गारठा होता. तिनं आईचा निळा स्वेटर चढवला. आई गेल्यापासून तो कपाटात होता, रंग तसूभरही उतरला नव्हता. भिंत तिनं अर्धी निळी, अर्धी हिरवी रंगवून घेतली होती. दादा बाहेर गाडीपाशी थांबला. बाबा आत आले आणि थेट हिरव्या भागावर हात ठेवून उभे राहिले.

"हाच," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या स्वेटरवरून घेतला होता. रंगवाल्याकडे स्वेटरच घेऊन गेलो. दिवसभर कुडकुडत बसली बिचारी, मला शिव्या घालत."

आणि ते मनापासून हसले. तो सिनेमा त्यांनी टीव्हीवर इतक्यांदा पाहिला होता, की आईसुद्धा त्यात हिरवी होऊन गेली होती. तिला रडू आलं नाही, नुसती भीती वाटली.

"हा छान आहे गं," बाबांनी तिची बाही चाचपली. "नवा घेतलास?"

"हो," ती म्हणाली.

मग तिनं रंगाऱ्याला बोलावून सगळी भिंत हिरवी करायला सांगितली. निर्माता खूश झाला, उशिरा का होईना शहाणपण सुचलं म्हणाला. ती बाबांचा हात धरून बाहेर आली. दादानं गाडीचं दार उघडलं आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"हिरवा," ती म्हणाली. "अगदी बरोबर ओळखला."