गोट्या घोरत नव्हता

"झोपलंय की मस्त. घोरून राहिलंय बघा कसं," किशनराव पुढच्या सीटवरून मागे न वळताच म्हणाले.

"घोरत न्हाई साहेब ते. गाडी थांबवा जरा," पंचशीला म्हणाली. लोहा गाव सोडल्यापासून तिसऱ्यांदा ती हे सांगत होती.

"त्याची जातच घोरायची आहे," पार्वतीबाई म्हणाल्या. "घरीसुद्धा असंच करतं."

गाडी सात माणसांची. पुढे व्यंकटी ड्रायव्हर आणि किशनराव. मधल्या सीटवर किशनरावांची बायको, त्यांची आई पार्वतीबाई आणि दोघींच्या मधोमध लाल कापडात बांधलेले घरचे देव. सगळ्यात मागच्या अरुंद सीटवर पंचशीला आणि तिच्या मांडीवर गोट्या. गोट्या म्हणजे चपट्या तोंडाचा पग, पाच वर्षांचा. कुत्र्याचं तोंड देवांकडे नको, असं पार्वतीबाईंनी निघतानाच बजावलं होतं. एसीचा गारवा देवांपर्यंत पोचत होता. त्यांच्या मागे जे बसले होते त्यांनी आपलं आपण बघायचं होतं.

पंचशीला नांदेडला जनावरांच्या दवाखान्यात परिचर होती. बावीस वर्षं झाली. डॉक्टर आले नि गेले, ती तिथेच राहिली. लाथ मारणारी म्हैस कुठे उभं राहून धरायची, हे नव्या डॉक्टरला तीच शिकवायची. आणि महिन्याभरात तोच डॉक्टर "ए बाई, धर नीट" म्हणून तिच्यावर खेकसायचा. रविवार तिच्या सुटीचा. पण किशनराव साहेबांची लातूरला बदली झाली होती. नवा जिल्हा व्हायचा होता म्हणे, त्याच्या आखणीचं काम लातूरच्या ऑफिसात निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यासोबत तेवढी जाऊन ये. नाही म्हणायची सोय असते का?

तरी शनिवारी ती किशनरावांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, मॅडमना, सगळं सांगून आली होती. "पहाटं पाचला निघा, मॅडम. उन्हाच्या आत लातूर गाठायचं. रात्रीपासून पोटात काही नको. गळ्यात पट्टा नको, छातीचा लावा. आपण घामानं गार होतो, कुत्रं जिभेनं होतं. ह्याला नाकच न्हाई, तर वारा जाणार कुठून? एसीच्या तोंडाशी बसवा त्याला." मॅडमनी मान डोलावली, मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं.

मग पार्वतीबाईंनी पंचांग काढलं. देव हलवायचा मुहूर्त निघाला दहा चाळीसचा.

मे महिना, दुष्काळाचं तिसरं वर्ष, लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने येत होतं, आणि ही मंडळी मुहूर्त गाठायला ऊन चढायची वाट बघत बसली. पंचशीलाला कुणी कळवलं नव्हतं; ती पाचला आली ती पायरीवर बसून राहिली. घरातल्यांचा चहा कपबशीत झाला, तिचा कागदाच्या कपात आला. तेही तिने गिळलं. पण निघताना मॅडमनी गोट्याला वाटीभर दहीभात चारलेला पाहिला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"उपाशीपोटी कसं न्यायचं गं? मुकं लेकरू ते," मॅडम म्हणाल्या.

जीव होता बाईचा त्याच्यावर. अक्कल मात्र सासूकडे गहाण.

आता अहमदपूरच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी खरोखरच थांबली. पुढे रास्ता रोको होता. रस्त्यात आडव्या बैलगाड्या, माणसांच्या हातात पुठ्ठ्याच्या पाट्या: 'आमचा तालुका जिल्हा झालाच पाहिजे'.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," व्यंकटी गोट्याकडे बघून हसला आणि त्याने गाडी बंद केली. एसी बंद झाला.

"व्यंकटी, चालू ठेव."

"डिझेल लई जळतंय हो, बाई."

"साहेब, त्याला सांगा ना! जीव चाललाय हिथं!"

"पाच मिनिटांचं काम आहे. उगा कालवा नको," असं म्हणून किशनराव फोन कानाला लावून खाली उतरले.

पाचाची पंचवीस मिनिटं झाली. स्वतःच्या पाण्याची बाटली पंचशीलाने लोह्याला पोचायच्या आतच गोट्याच्या अंगावर संपवली होती. घोरण्याचा आवाज नाकात असतो. हा आवाज खाली घशात होता, खरखरीत. तोंडातून चिकट लाळ गळत होती. मग आवाजच थांबला.

"झोपलं बाई एकदाचं," पार्वतीबाई म्हणाल्या.

पंचशीलाने गोट्याचा ओठ उचलून पाहिला. जीभ जांभळी पडली होती.

"व्यंकट्या! डिकी उघड! उघड मेल्या!"

तिचा आवाज ऐकून व्यंकटी धावला. तिने गोट्याला उचलून लिंबाच्या सावलीत ठेवलं, छातीचा पट्टा सोडला, घशात बोट घालून लाळेचा गोळा ओढून काढला. मग मागे जाऊन पायाशी ठेवलेला कॅन उचलला. वीस लिटरचा कॅन, गोदावरीच्या पाण्याचा, नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी. नदीतही तेव्हा डबकीच उरली होती. व्यंकटीने फडक्यातून गाळून गाळून तो भरला होता. ह्याला हात लावायचा नाही, हे तिला गाडीत बसायच्या आधीच सांगितलेलं होतं.

तिने झाकण पिरगाळलं आणि गोट्याच्या पोटावर, पंजांवर, मांड्यांवर धार धरली. व्यंकटीने एका आंदोलकाच्या हातातली पाटी घेतली आणि जिल्ह्याच्या मागणीने वारा घालू लागला.

टँकरची वाट बघत फाट्यावर बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, सरजाबाई, तरातरा पुढे आली. "माणसाला प्यायला न्हाई अन् कुत्र्याला आंघोळ घालून राहिलीस व्हय? लाज न्हाई वाटत?"

"तुझी म्हैस पडली तर बघत बसशील का गं तू?" पंचशीला तिच्यावर उलटली. "बसशील?"

सरजाबाईने गोट्याकडे नीट पाहिलं. मग ती खाली बसली आणि पदर पसरून उन्हाच्या बाजूने आडोसा धरला.

गोट्याला एक उमासा आला. सगळा दहीभात बाहेर पडला. पंचशीलाने त्याचं डोकं खाली करून तोंड पुसलं आणि जिभेकडे बघत राहिली. बराच वेळ काही होईना. मग छाती हलली, पुन्हा हलली. जांभळा रंग हळूहळू उतरू लागला. मॅडम शेजारी बसून हमसून हमसून रडत होत्या.

पार्वतीबाई उतरून आल्या. कुत्रं जगलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"कॅनला हात कुणी लावला?"

"मी," पंचशीला म्हणाली.

"किशन, ते आता आपल्या कामाचं नाही. ओतून टाक."

किशनराव फोन ठेवून आले, इकडेतिकडे पाहिलं आणि अर्ध्याहून जास्त भरलेला कॅन त्यांनी उचलला. त्यांना लाज वाटत होती; पण लाज वाटून माणूस थांबतोच असं नाही. कॅन तिरका झाला आणि पंचशीलाने त्यांचं मनगट पकडलं. बावीस वर्षं जनावरं धरलेला हात तो.

"ओतू नका, साहेब."

"अगं, आता कुणाच्या कामाचं ते?"

"आमच्या," पंचशीला म्हणाली.

किशनरावांनी कॅन खाली ठेवला.

दुपारी रस्ता मोकळा झाला. गोट्याला घेऊन मॅडम पुढे बसल्या, एसीच्या तोंडाशी. किशनराव आईजवळ, देवांच्या पलीकडे. मागची सीट रिकामी.

"चल, बस," किशनराव म्हणाले.

"न्हाई. मी यष्टीनं जाते परत."

मॅडमनी काच खाली केली. "अन् पुन्हा आवाज केला तर गं?"

"थांबायचं. पोट ओलं करायचं. जिभेचा रंग बघत ऱ्हावा. लातूरला पोचल्या पोचल्या डॉक्टरला दाखवा. मुहूर्त बघू नका तेवढा."

पार्वतीबाईंनी काच वर करायला लावली. गाडी गेली.

पंचशीला लिंबाखाली येऊन बसली. बायकांनी घागरी पुढे सरकवल्या होत्या, पण कॅनला कुणी हात लावला नव्हता. सरजाबाईने तो वाकवून आधी एक तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

"घे. सकाळधरनं प्यालेली दिसत न्हाईस."

पंचशीलाने तांब्या घेतला. राग अजून अंगात होता, घाईने तांब्या कलला, पाणी काठावरून सांडू लागलं. सरजाबाईने खालून आपलाही हात लावला आणि तिचं पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला.