हसण्याची सक्ती

चष्म्याच्या दुकानाचा मालक गावाला चष्म्यांपेक्षा कवितांमुळे जास्त माहीत होता. वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला काव्यमंडळाची बैठक भरायची, तिथे तो विनोदी कविता म्हणायचा. विषय बहुतेक वेळा एकच, बायको.

'बायको माझी घोरते तेव्हा भिंती हलती चार,
शेजारी म्हणती, दार लावा हो, वादळ आले फार!'

सभागृह डोक्यावर घेतलं जायचं. बायको पहिल्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर हसायची.

ती एका बेकरीच्या काउंटरवर काम करायची. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं पाव पिशवीत टाकता टाकता त्याच ओळी तिला ऐकवायची. "काय वहिनी, काल रात्री वादळ होतं म्हणे?"

लग्नानंतर सुरुवातीलाच तिने एकदा सांगून पाहिलं होतं. "अहो, माझ्यावर नका ना लिहू."

"अगं, गंमत आहे ती. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

साधा टोमणा असता तर तिने उलट दोन सुनावले असते. पण हा टोमणा यमकात बसवलेला होता, म्हणून तो लोकांना पाठ व्हायचा. आणि त्यावर हसू आलेलं असायचं, म्हणून जी रागावेल तिचीच चूक ठरायची. कविता आणि विनोद यांचं इतकं छान का जमतं, हे तिला काउंटरमागे उभं राहून कळलं होतं.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. बेकरी सोडून ती त्याला भरवू, पुसू, उठवू-बसवू लागली.

काही महिन्यांनी मंडळाचे सचिव घरी आले. "वहिनी, यांचा सत्कार करायचा ठरवलाय. यांची एखादी कविता तुम्हीच म्हणा. तुमच्यावरची. बहार येईल."

"म्हणते की," ती म्हणाली.

सत्काराच्या दिवशी त्यांच्या मुलीने वडिलांची चाकांची खुर्ची व्यासपीठाच्या कडेला लावली. बायको माइकसमोर गेली, घसा साफ केला आणि त्याच्याच चालीत म्हणाली,

'माझ्या चालीवर, माझ्या घोरण्यावर हसवत होता काल,
आज तोच पाहा चमच्यासाठी पुढे करतो गाल!'

लोक खो खो हसले. चाल त्याचीच होती, हसायची जागा त्यांना पाठ होती. तिने हशा ओसरू दिला.

'तुम्ही हसला, मीही हसले, हसण्याची होती सक्ती;
आता याला बोलता येईना, माझी झाली मुक्ती.'

काही जण सवयीने हसले आणि मध्येच थांबले. सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती, दात दिसत होते, डोळे मात्र दुसरीकडेच होते. सचिवांनी घाईघाईने टाळी वाजवली. "बघा, अजून हसताहेत! काय खिलाडू माणूस!" मग सुटका झाल्यासारख्या सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

ते हसणं नव्हतं, हे तिला ओळखू आलं. दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं.

"वहिनी, छुप्या रुस्तम निघालात!" बाहेर पडताना सचिव म्हणाले. "यांच्याच हाताखाली तयार झालात, दुसरं काय! पुढच्या बैठकीला तुमचं नाव घालतो."

टॅक्सीत मुलगी धुमसत होती. घर आल्यावर म्हणाली, "आई, बाबांना तिथे काय वाटलं असेल?"

"मला काय वाटायचं, हे तू कधी विचारलंस?"

मुलगी निघून गेली.

तिने त्याच्या अंगातला सत्काराचा सदरा काढायला घेतला. त्याने चांगल्या हाताने तिचा हात झटकला. तिने पुन्हा बटणाला हात लावला, त्याने पुन्हा झटकला. शेवटी तो तसाच, सदऱ्यासकट, भिंतीकडे तोंड करून पडला.

आज मोकळं वाटेल, असं तिने गृहीत धरलं होतं. तसं काही वाटेना. त्याच्या पाठीकडे पाहत ती पलंगाच्या कडेला बसली, आणि त्या झटकणाऱ्या हातावर एक ओळ तिला आपोआप सुचली. ओळ चांगली होती, हशा हमखास. तिने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ती यमक शोधू लागली.