भोवतालच्या पेशी

काचनळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा, त्याला चिकटलेला एक पंख – फळमाशीचा, तिळाच्या टरफलाएवढा – शामला तो नखाने सोडवू पाहत होती तेव्हाच खाली, कोमट पाण्यात बुडवलेल्या नळीत, पहिली माशी उताणी पडली. मग दुसरी. मग सगळ्याच, पाय थरथरत, पंख आपटत, फेफरं आल्यासारख्या. नळी पाण्याबाहेर काढली की उठतील, अंग झाडतील, जणू काही झालंच नाही. मे महिन्यातल्या नागपुरात खरं तर पाणीही तापवावं लागत नव्हतं; वीज गेली, प्रयोगशाळेतला गारवा उतरला, की या वाणाच्या माश्या आपसूक कोसळत.

शेजारच्या नळीतल्या मात्र निवांत काचेवर चढत होत्या. वाण तोच, जन्मजात दोष तोच. फक्त ग्लिया, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींतला, बिघडलेला जनुक दुरुस्त केलेला. चेतापेशींना हातही लावला नव्हता. याआधी वर्षभर तिने दुरुस्ती चेतापेशींतच केली होती आणि माश्या पडतच राहिल्या होत्या. पडणारच. चेतापेशी धडधाकट होत्या. त्यांना वेढून बसणाऱ्या, त्या चेतल्या की बाहेर सांडणारं पोटॅशियम मुकाट टिपून घेणाऱ्या ग्लिया – त्यांचं काम अडलं होतं. सांडलेलं साचतं, आणि चेतापेशी थांबायचं विसरतात...

बाबा सकाळी ताट सारून उठले होते. सक्करदऱ्याचं घर बंद करून गावातच, नंदनवन वस्तीत, लेकीकडे आणून ठेवलेले वामनराव. 'आणून ठेवलेले' – शब्द तिचाच. वरणात मीठ नाही, म्हणाले; मीठ होतं. पंखा खडखडतो, शेजारचा कुत्रा मुद्दाम भुंकतो. हात कापतात. तिने डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, मेंदूचा फोटो काढून आणला – दोष बाबांमध्येच कुठेतरी सापडणार या खात्रीने, चिकाटीने...

आणि ती दुपार? भावाचं, साहिलचं बाळ, पुण्यातलं दोन खोल्यांचं घर, सुनेची नोकरी. तो अडचणीच मोजत राहिला तेव्हा तिनेच, विद्यार्थ्यांना कामं नेमून द्यायच्या सुरात, सांगून टाकलं होतं – आई तुझ्याकडे, बाबा माझ्याकडे. आईने नुसता पदर सावरला. बाबा म्हणाले, "काहून गा साहिल, आमी काय भांडीकुंडी आहो का, वाटून घ्याले?" साहिल हसला. तीही हसली. थट्टाच वाटली होती.

आई काय करायची? काहीच नाही, असंच वाटे तेव्हा. बाबा वसकले तर उलटून बोलायची नाही. पंखा एक घर कमी करायची, शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करायची, पोळी मोडून त्यांच्या ताटात ठेवायची... माणसाला माशीचं लावू नये, हे शामला वर्गात दरवर्षी सांगत आली होती. तरी तिने हात पुसले आणि व्हरांड्यात जाऊन फोन लावला. परत ये – एवढंच म्हणायचं.

"काय वं शामे, भरदुपारी? बाबा बरे आहेत ना?"

"आहेत. जेवले नाही सकाळी. म्हणे मीठ नाही."

"मंग मीठ आहे म्हणून भांडत नको बसू. चिमूटभर वरून टाकल्यासारखं कर न् म्हण, टाकलं. खातात."

"आई, तू..."

"मी मजेत. तुले सांगू? हासशील. मले इथं झोप लागून राहिली वं. बाळ निजलं का मीही, पडल्या पडल्या. तिकडं माहा एक कान जागाच राहे." पलीकडे बाळ हुंकारलं, आई त्याला काहीतरी म्हणाली आणि हसली. ते हसणं आईचं आहे हे ओळखायला शामलाला एक क्षण लागला. "तू काय म्हणून राहिली होती?"

"काही नाही. मिठाचंच विचारायचं होतं."

फोन बंद झाला तरी ती तिथेच उभी राहिली. ग्लिया चेतापेशींसाठी काय करतात – तिचा प्रश्न एवढाच होता. टिपलेलं त्या कुठे ठेवतात, किती दिवस ठेवू शकतात, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं... वाटणी चुकली, याचा पश्चात्ताप आता अंगवळणी पडला होता, त्याचा आधारही होता एक प्रकारचा – चूक दुरुस्त करता येते. पण चूक वाटणीची, की त्याआधीच्या सगळ्या वर्षांची, जेव्हा घर शांत होतं आणि ते कोणाच्या जागरणावर शांत आहे हे एकानेही, तिनेसुद्धा, विचारलं नव्हतं? बाबांचे कापणारे हात खरे होते, आईची झोपही खरी. आणि ते हात थांबवायचे म्हणजे ही झोप मोडायची, हे कळूनही तिचं मन अजून, हट्टाने, आईलाच हाक मारत होतं.