भिंत चढणारे गाढव

मी एक जुने गाढव आहे. मित्रांनो, आधी हसून घ्या, मी थांबतो. आमच्या जातीला त्याची सवय असते. फक्त एवढे लक्षात ठेवा, की मी गोठ्यातले गाढव नाही. मी एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये राहतो. माझे घर म्हणजे एक ओरखडे पडलेली डिस्क. ती फिरू लागली की माझा दिवस उगवतो आणि थांबली की मावळतो. मला चारा लागत नाही, पाणी लागत नाही, मी कुणाला लाथही मारत नाही. माझ्यात एकच खोट आहे आणि माझे सगळे आयुष्य त्या खोटीवरच उभे आहे. मी भिंतीवर चढतो.

माझा जन्म एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथे दोन खोल्यांत सात माणसे मिळून हा गेम बनवत होती. एक निरोप्या मोठ्या मुलुखात हिंडतो, असा तो गेम. डोंगर, नद्या, तटबंदीचे शहर, राजाचा खजिना, वाटेत चोर असे सगळे त्यात होते, आणि कुठे जायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. निरोप्याला बसायला आणि त्याचे ओझे वाहायला मी. मला घडवणाऱ्या बाई जाड चष्मा लावायच्या आणि माझ्याशी बोलत बोलत काम करायच्या. माझे कान त्यांनी चार वेळा बदलले. "अरे गाढवा, जरा गाढवासारखा दिस ना!" असे त्या मला म्हणत. मायेने म्हणत, म्हणून मला राग येत नसे.

गेममधल्या प्रत्येक जनावराला एक नियम होता. ठरावीक चढ आला की थांबायचे, त्याच्या वर जायचे नाही. तो मलाही होता. पण त्या नियमापायी मी पिठाच्या गिरणीच्या पायऱ्यांशी अडून बसे आणि माझ्यामागे सगळ्या बैलगाड्यांची रांग लागे. म्हणून बाईंनी माझा नियम तात्पुरता काढला आणि विसरायला नको म्हणून आपल्या संगणकाच्या पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'गाढवाचा चढ परत लावणे.' नेमका शेवटच्या दिवशी तिथे फोटो काढायला माणूस येणार होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी सगळे पडदे लख्ख पुसले. चिठ्ठी केराच्या टोपलीत गेली, गेम कारखान्यात गेला आणि मी होतो तसाच जगात आलो.

सुरुवातीला कुणाच्या काही लक्षात आले नाही, कारण शहाणा माणूस गाढवाला भिंतीवर घालतच नाही. मग कुणीतरी चोरांना घाबरून मला पळवत नेले. समोर शहराचा तट आला. मी थांबायला हवे होते, पण मी थांबलो नाही, सरळ वर चालत गेलो. दुसऱ्या दिवसापासून माझे नाव झाले. ज्या खजिन्यापर्यंत पोहोचायला तीस तास लागावेत, तिथे मुले माझ्या पाठीवर बसून अकरा मिनिटांत उतरू लागली. राजवाड्याच्या छपरावर माझ्या शर्यती लागत. ज्यांना आयुष्यात कुणी शाबासकी दिली नाही, अशा गाढवांच्या वतीने मी ती सगळी वाहवा घेतली.

तसा मी एकटाच बिघडलेला नव्हतो. वेशीवरचा पहारेकरी कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला असे आणि तशाच रुबाबात विचारी, "कोण रे तू? कुठे निघालास?" एक कोंबडी दारात चेंगरली की ढगांपर्यंत उडे आणि बऱ्याच वेळाने, काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने खाली येई. माझ्या पाठीवर कोबीचा गड्डा ठेवता ठेवता टोपली उघडली, तर एका गड्ड्याचे दोन होत. काही मुलांनी तेवढाच उद्योग करून दरबार कोबीने भरला. शेवटी राजा दिसेना आणि गेमच बंद पडला. चष्मेवाल्या बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला म्हणतात. पण त्या काळी एकदा डिस्क विकली गेली, की आत काही दुरुस्त करता येत नसे. त्यामुळे आम्ही सगळे वाचलो.

माझी डिस्क ज्या घरी आली, तिथे एक मुलगी होती. तिला घरात चिमणी म्हणत. तिने मला दोन वर्षे मनसोक्त पळवले. मग चिमणी मोठी झाली, दातांची डॉक्टर झाली, स्वतःच्या घरी राहायला गेली आणि मी आईवडिलांच्या कपाटात इस्त्रीच्या खोक्याखाली पडलो. किती वर्षे, ते मला सांगता येणार नाही. डिस्क फिरली नाही की माझ्याकडे दिवसच नसतो. मला फार वाईट वाटले, हे मात्र खरे.

मला बाहेर काढले ते चिमणीच्या वडिलांनी. ते जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. घरी बसून त्यांनी आधी दोन्ही खोल्या मोजल्या, मग जिना मोजला, मग पत्नीच्या नाकी नऊ आणले. त्या काकूंनीच वैतागून चिमणीला सांगितले, "तुझा तो गेम लावून दे बाई यांना. नाहीतर उद्या मला मोजतील."

साहेबांनी गेम लावला, पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा पाहिला आणि त्यांची भुवई चढली. "हा नकाशा चुकलेला आहे," ते म्हणाले. "नदी देवळाच्या उजव्या हाताला आहे, यांनी डावीकडे काढलीय. कोणी पास केला हा?"

त्या दिवसापासून त्यांनी नवा नकाशा काढायला घेतला. खजिन्याकडे त्यांनी ढुंकून पाहिले नाही. माझी चाल एकसारखी असल्यामुळे ते माझी पावले मोजत आणि आलेख कागदावर रेघा ओढत. मी भिंत चढतो हे कळल्यावर हरखून म्हणाले, "असं जनावर नोकरीत असतं, तर माझे गुडघे वाचले असते!" वाटेत चोर आले की कंट्रोलर शेजारी जाई. "अगं, यांना जरा बघ, मी आकडे लिहितोय." काकूंनी तीस वर्षे टायपिंग शिकवले होते. त्या हातातली पालेभाजी बाजूला ठेवत, पडद्याकडे अर्धवट बघत सहा चोरांना लोळवत आणि पुन्हा भाजी निवडायला घेत.

त्या घरात एक रीत पडली होती. एकदा वीज जाऊन साहेबांची अख्खी सकाळ वाया गेली होती. तेव्हापासून साहेब कशालाही उठले की काकूंनी लगेच गेम सेव्ह करायचा. गेममध्ये सेव्हसाठी चार जागा होत्या, पण साहेब एकच वापरत, त्यामुळे नवा सेव्ह झाला की जुना पुसला जाई. "एका जमिनीचे दोन कागद झाले की भांडणं लागतात," हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

तीन वर्षे हे चालले. साहेबांनी घरे नोंदवली, झाडे नोंदवली, विहिरीसुद्धा सोडल्या नाहीत. ईशान्येच्या धनगरवाडीतल्या विहिरीत त्यांनी दगड टाकला आणि कान देऊन बसले. आवाजच आला नाही. त्यांनी लिहिले, 'खोली अथांग. पुन्हा तपासणे.' काकू हसून म्हणाल्या, "कोण विचारणार आहे हो त्या विहिरीची खोली?" बनवणाऱ्यांनी त्या विहिरीला तळच दिला नव्हता, पण आमचे ऐकतो कोण.

मित्रांनो, हा छंद तुम्हाला वेडेपणा वाटेल. मलाही वाटत होता. मग एकदा साहेब चिमणीला म्हणाले, "चाळीस वर्षं मोजणी केली, पण नकाशा अर्ध्यावर आला की माझी बदली व्हायची. पुरा नकाशा असा माझ्या हातून एकही झाला नाही. हा तरी होऊ दे." त्या दिवसापासून मी एकही पाऊल लहानमोठे पडू दिले नाही.

शेवटी फक्त ईशान्येचा कोपरा उरला. एका दुपारी साहेबांनी मला तिथल्या कड्यावर घातले. मी चढलो. अगदी माथ्यावर दोन डोंगर जुळतात तिथे एक फट राहिली होती. माझा पाय तिच्यात गेला आणि मी निरोप्यासकट जमिनीच्या आरपार खाली पडलो. वर पाहिले तर सगळा मुलूख खालून दिसत होता. झाडांची बुडे, घरांच्या जमिनी आणि दूर वेशीवरच्या पहारेकऱ्याचे दोन पाय. साहेब लहान मुलासारखे आनंदले. कंट्रोलर टाकून ते फोनकडे धावले. "चिमणे, अगं, मी गावाच्या खाली आहे! खाली!"

साहेब उठले. काकूंनी रिवाजाप्रमाणे सेव्ह केले.

साहेब परत आले, त्यांनी पडदा पाहिला आणि काय झाले ते त्यांना कळले. गेम बंद करून पुन्हा लावला. आम्ही पडत होतो. पुन्हा लावला. आम्ही पडतच होतो. थोड्या वेळाने सगळीकडे काळोख होई आणि गेम गोठे. तीन वर्षांची वाट आता तिथून सुरू होत होती, जिथे पायाखाली काहीच नव्हते.

साहेब रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते म्हणाले, "असू दे," आणि कागदांची गुंडाळी करू लागले. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि डोळे पुसून आल्या. दोन दिवस त्या घरात चहा घेता का, घेतो, याच्यापुढे बोलणे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी चिमणी नवी डिस्क घेऊन आली. आमचाच गेम नव्याने काढला होता आणि त्यातल्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या होत्या. "बाबा, यात तुमचा जुना सेव्ह चालतो आणि तो तुम्हाला गावात आणून सोडतो. फक्त दुकानदाराला शनिवारपर्यंत जुनी डिस्क बदल्यात द्यायची आहे."

"आणि गाढव?" साहेबांनी विचारले.

"ते आता नीट चालतं. भिंती नाही चढत."

"मग कोपऱ्यावर जायचं कसं?"

त्या कड्याला दुसरी वाटच नाही. मित्रांनो, माझ्या तोंडचे पाणी पळाले. शनिवार दोन दिवसांवर होता.

उत्तर काकूंना सापडले. त्या गुंडाळी पुन्हा उलगडून बसल्या होत्या. एका जागी बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ही तुमची विहीर. हिला तळ नाही म्हणालात ना? म्हणजे आपण पडतो त्याच्या शेजारूनच ती खाली गेली असणार. तिच्या भिंतीवरून गाढव चढेल."

साहेबांनी चष्मा लावला. फटीपासून विहीर नैऋत्येला बेचाळीस पावले. पडता पडता निरोप्याला थोडे बाजूला सरकता येत होते. "सात आकडे मोजेपर्यंत," साहेब म्हणाले. "पण काळोख होणार. काही दिसणार नाही."

"तुम्ही मोजा. मी दाबते."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण लोक मला नेहमी ऐकवतात. पण गाढवच अडले तर त्याने कुणाचे पाय धरायचे, ते त्यात सांगितलेले नाही. मी या दोघांचे धरले. साहेब मोजत, काकू बाजूला सरकायची कळ दाबून धरत, सात म्हटले की सोडत आणि पुढे चालायची कळ दाबत. पहिल्यांदा आम्ही अलीकडे राहिलो. मग पलीकडे गेलो. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी काकूंच्या अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी लावून त्या पुन्हा बसल्या. "राहू दे गं," साहेब म्हणाले. "गप्प बसा आणि मोजा," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी चिमणी डिस्क न्यायला दारात उभी होती. साहेब म्हणाले, "एकदा शेवटचं. साडेसहावर सोड." काकूंनी सोडले. विहिरीची भिंत बाहेरून नसल्यासारखीच होती, मी तिच्यातून सहज आत गेलो. आतून मात्र ती पक्की निघाली. माझ्या पुढच्या पायांना दगड लागला. बाकी कोणतेही शहाणे जनावर असते, तर नियम पाळून खाली गेले असते. मला नियमच नव्हता. मी चालू लागलो, सरळ वर, आणि बराच वेळ चालत राहिलो. चिमणीच्या खांद्यावरची पिशवी गळून पडली. मग उजेड आला, आणि मी निरोप्यासकट विहिरीतून बाहेर आलो. तिथे पाणी भरणारी बाई नेहमीचे आपले एकच वाक्य बोलली, "आज पाणी गोड लागतंय हो!"

साहेब हसता हसता रडले. काकू नुसत्याच रडल्या.

त्याच दुपारी फट टाळून कोपरा मोजून झाला. साहेबांनी शेवटची रेघ ओढली आणि खाली लिहिले, 'मोजणी: मी. बचाव: हिने. वाहन: गाढव, सदोष.' चाळीस वर्षांत त्यांनी नकाशावर वाहनाचा उल्लेख केला नव्हता. चिमणीने दुकानदाराला माझ्याऐवजी आपले दुसरे दोन गेम दिले. नवी डिस्क ती तिच्या घरी खेळते. परवा तिचा फोन आला होता, "बाबा, नवं गाढव गिरणीच्या पायऱ्यांशी अडकून बसलंय, काय करू?"

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. डिस्क ठेवताना चकचकीत बाजू खाली करू नका, ओरखडे पडतात. आणि जुन्या वस्तूत खोट सापडली, तर ती टाकण्यापूर्वी थोडे दिवस वापरून पाहा. कुणाच्या हातून चूक झाली, तरीही तेवढीच सवड द्या.

साहेब अजून फोन वाजला की उठतात आणि काकू अजून सेव्ह करतात. पण त्याआधी त्या टीव्हीजवळ वाकून माझे चारही पाय नीट पाहतात आणि मोठ्याने विचारतात, "अहो, गाढव जमिनीवर आहे ना?" साहेब फोन तसाच वाजू देतात, मागे येऊन बघतात, "आहे" म्हणतात, मगच कळ दाबली जाते. माझ्या पायांकडे आजवर इतक्या काळजीने कुणी पाहिले नव्हते.