माझ्या सणाला फोन कोणी घ्यायचा

आमच्या ऑफिसात वर्षभर कुणाचा ना कुणाचा सण असतो, आणि प्रत्येक सणाला मी दमते.

आम्ही बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी घेतो. कुणी आत अडकलं की लाल बटण दाबतं आणि इकडे माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. मी पत्ता विचारते, फिटरला पाठवते आणि दार उघडेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहते. ज्याने फोन उचलला त्यानेच शेवटपर्यंत बोलायचं, असा आमच्याकडचा नियम आहे. मध्येच आवाज बदलला की आतला माणूस बिथरतो. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

पूर्वी ज्याचा सण असेल तो गुपचूप सुट्टी टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत कामावर यायचा. मग एचआरला नव्या मॅडम आल्या. बाई मनाने सोन्यासारखी, पण उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. ऑफिसात कुणालाही परकं वाटता कामा नये, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. तेव्हापासून ज्याचा सण असेल त्याचा तो हॉलमध्ये साजरा होऊ लागला. फुगे, माळा, गाणी, जेवण आणि ज्याचा सण त्याचं भाषण.

सगळे हॉलमध्ये गेले की फोन कोण घेणार? आमच्या समाजाची ऑफिसात मी एकटीच, त्यामुळे उरलेले सगळे सण माझ्यासाठी दुसऱ्यांचे. "ताई, तुमचा नाही ना आज? मग तेवढा फोन बघाल?" असं म्हणत जो तो पुढे निघायचा. मीही बघायचे. नंतर कुणीतरी कागदी प्लेटमध्ये जेवण आणून टेबलावर ठेवायचं, ते मी गार झाल्यावर, दोन फोनांच्या मध्ये खायचे. कुणाचा राग नव्हता. अंगवळणी पडलं होतं.

आमचा सण अगदीच साधा. दुपारी घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, आणि त्या दिवशी खोटं बोलायचं नाही. बस्स. गेली काही वर्षं त्या दिवशीही मी ड्युटीवर असायचे, पण घरी आईबाबा दोघं असायचे, एकमेकांना धरून जेवायचे. यंदा आई नाही. बाबा एकटे त्या टेबलापाशी बसणार, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणून महिनाभर आधीच मी मॅडमकडे सुट्टी मागितली.

मॅडमचा चेहरा उजळला. "अय्या, तुमचा सण आहे? कधी बोलला नाहीत ते!"

"साधाच असतो. घरी वडील एकटे आहेत, म्हणून एक दिवस..."

"अहो, पण तुमच्याशिवाय तुमचा सण कसा करणार? नवरदेवच नाही आणि वरात निघाली, असं व्हायचं. तुम्ही काही काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोडा."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. मी दोनदा पुन्हा जाऊन सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी मला माळा दाखवल्या.

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण म्हणाली, "कशाला एवढं डोकं लावतेस? सकाळी फोन कर, पोट दुखतंय म्हण, मोकळी हो."

"आजारी म्हणून खोटं सांगायचं? तेही त्याच दिवशी? बाबा जेवायचे नाहीत."

"मग बस भाषण करत," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी मी बाबांना खरं ते सांगितलं. ते शर्टाची कॉलर चाचपत राहिले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, विचारात पडला की हात कापडाकडे जातो. "संध्याकाळी जेवू," ते म्हणाले. दुपारी जेवणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात मला रडू आलं.

हॉल पिवळाधमक केला होता. आमच्या सणाचा रंग पिवळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी इंटरनेटवर पाहिलं होतं म्हणे. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, आणि मॅडम माईकवरून म्हणाल्या, "आता ताईंसाठी एक सरप्राइज!"

दार उघडलं आणि बाबा आत आले.

ऑफिसची गाडी घरी पाठवली होती. ड्रायव्हरने फक्त "तुमच्या मुलीच्या ऑफिसातून आलोय, चला" एवढंच सांगितलं होतं. माझं काहीतरी बरंवाईट झालं, असं समजून बाबा निघाले होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. मला धडधाकट बघितल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. दुसऱ्या हातात डबा होता. दवाखान्यात जावं लागलं तर लागेल, म्हणून घेतला असावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना माझ्याशेजारी बसवलं. मी हळूच म्हणाले, "बाबा, मी ठीक आहे. यांनी आपला सण ठेवलाय." ते म्हणाले, "असं होय." मग आजूबाजूच्या फुग्यांकडे बघून म्हणाले, "चला, एकत्र तर बसलो." त्या क्षणी मी मॅडमना सगळं माफ केलं. प्लेटा वाढून आल्या. बाबांनी ती प्लेट बाजूला सरकवली आणि मांडीवर डबा उघडायला घेतला.

तेवढ्यात फोन वाजला.

हॉलला काचेची भिंत आहे, पलीकडे माझं टेबल. फोन वाजला आणि हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मॅडमनी सगळ्याची व्यवस्था केली होती, पण सणाला फोन घेते ती आज खुर्चीत बसली आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मैत्रीण उठायला लागली, पण तिच्या आधी माझे पाय उठले होते. स्वतःच्याच पायांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एक म्हातारी बाई अडकली होती. एकटी, भाजीची पिशवी घेऊन. मी पत्ता घेतला आणि फिटरला फोन लावला. आमच्या फिटरचं नाव 'आलोच'. कधीही फोन करा, "आलोच" म्हणतो आणि येतो मात्र सावकाश. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. "आलोच," तो म्हणाला.

"ठेवू नका हं फोन," बाई म्हणाल्या.

"नाही ठेवत. जमिनीवर बसा आरामात. पंखा चालू आहे ना?"

"आहे. तुमच्याकडे गाणी कसली लागलीत?"

"सण आहे इथे."

"कुणाचा?"

"माझा."

"मग तुम्ही फोनवर काय करताय?"

मी त्यांना कोणती भाजी घेतली ते विचारलं.

काचेपलीकडे सगळे जेवत होते. मॅडम बाबांसमोर वाकून घास घ्या म्हणत होत्या. बाबा मान हलवून माझ्याकडे बोट दाखवत होते. डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा लावलं. लोक एकेक करून हात धुवायला गेले, आपापल्या जागेवर परतले. शिपाई माळा काढायला लागला. बाबा तिथेच बसून होते, मांडीवर डबा धरून. बाईंच्या नातवाच्या शाळेपासून गुडघ्यांपर्यंत सगळं मी ऐकलं, हं हं म्हटलं, आणि डोळे काचेवरून हलवले नाहीत.

शेवटी दार उघडल्याचा आवाज आला. "देव तुमचं भलं करो," बाई म्हणाल्या. मैत्रिणीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला हॉलकडे ढकललं.

मी बाबांसमोर खुर्ची ओढली. त्यांनी डबा उघडला, अर्धं झाकणात वाढून मला दिलं. गार झालं होतं, आणि बाबा मीठ घालायला विसरले होते. आई असती तर ओरडली असती.

"सुटली का ती बाई?"

"सुटली."

"बरं झालं."

मॅडम हसत हसत आल्या. "आवडलं ना बाबा? पुढच्या वर्षी याहून मोठा करू!"

"छान केलंत," बाबा म्हणाले. आज खोटं बोलायचं नसतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि मॅडम जाईपर्यंत चुकलेली बटणं एकेक करून नीट लावत राहिले.

"पुढच्या वर्षी," ते मग हळू आवाजात म्हणाले, "सकाळीच फोन कर. पोट दुखतंय म्हण. पोटदुखीला कोणी फुगे लावत नाही."