मुक्या मांडीवरची वीट

टाकव्याच्या भिकाजीचं बारसं ज्या वर्षी झालं, त्याच वर्षी मी भट्टीतून बाहेर पडले. मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. भट्टीत मला आच जरा जास्तच लागली. मी काळपट आणि वाकडी निघाले, म्हणून गवंड्याने मला बाजूला टाकलं. भिकाजीच्या आईने, येसूबाईने, मला उचलून हातात तोललं आणि म्हणाली, "ही ऊब धरील." भिंतीत बसायचं माझ्या नशिबी नव्हतं. मी शेकाची वीट झाले.

बाळंतिणीची कंबर, भातलावणीने आखडलेले गुडघे, बैलाने लाथ मारलेली पोटरी, सगळ्यांना मी शेक दिला. येसूबाई मला निखाऱ्यात तापवी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळी आणि दुखऱ्या जागी टेकवी. माणूस "आई गं" म्हणाला की उचली. मी किती तापले आहे हे मला कधीच कळत नाही. ते दुखणाऱ्याने सांगायचं, असा आमचा रिवाज होता. "येसूबाईच्या विटेला गुण आहे," असं लोक म्हणत.

मग तिचा नवरा अंबाजी लकव्याने आडवा झाला. एक अंग पार बधिर झालं. तो पुन्हा उठला नाही. शेक द्यायला आपण उशीर केला, असं येसूबाईला कायम वाटत राहिलं.

पुढे घरात विजेवर तापणारी पिशवी आली. मला न्हाणीच्या दाराला अडण म्हणून लावलं. येता-जाता सगळ्यांच्या पायाची ठेच मलाच.

भिकाजीची मुलगी सारिका कबड्डी खेळताना पडली आणि तिच्या खुब्याच्या वाटीची कड फाटली. दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. संध्याकाळी ती कुबड्या घेऊन, खुब्यावर बर्फाची पिशवी बांधून घरी आली, तेही हसत. ते हसणंच येसूबाईला खटकलं.

"हाडात हत्यार घातलं, आन पोरगी हसतीया?"

"आज्जी, जांघेत इंजेक्शन दिलंय. तिथली नस झोपवलीय. उद्यापर्यंत मांडी बधिर राहील, म्हणून दुखत नाही."

"नस झोपती व्हय? नस मरती! आन ह्यो बर्फ कशाला? दुखऱ्या हाडाला गार लावत्यात कुटं?"

"अगं, डॉक्टर शिकलेत."

"तुज्या आज्यालाबी शिकलेल्यांनीच तपासलं हुतं."

खरं सांगते, संशय मलाही आला. हाडाला हात लावल्यावर न कण्हणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

सारिकाचा डोळा लागला. येसूबाईने मला दारातून उचललं आणि बंबाच्या निखाऱ्यात ठेवलं. रोजच्याहून जास्त तापवलं. या वेळी तिला उशीर करायचा नव्हता. पांघरुणाखाली मला मांडीवर ठेवून ती "आई गं" ऐकायची वाट पाहू लागली. मांडी गप्प. तिने मला आणखी दाबलं. मांडी गप्पच. फडकं करपू लागलं.

वासाने सारिका जागी झाली. "आज्जी, दूध उतू गेलं का गं?"

मग तिचं लक्ष खाली गेलं. तिने मला ढकलून दिलं. मांडी लालभडक झाली होती आणि फोड वर येत होता.

"अगं, भाजलं की मला! कळलंसुद्धा नाही!"

"त्येच म्हनतीया मी! मेलाय पाय तुजा!" येसूबाई रडू लागली.

भिकाजी धावत आला. त्याने भाजल्या जागेवर गार पाणी सोडलं आणि दवाखान्यात फोन लावला. तेवढ्यात येसूबाईने सारिकाच्या त्याच पायाच्या अंगठ्याला करकचून चिमटा काढला.

"ओय! जीव घेतेस का?"

"कळलं?"

"कळणारच की! बोटांना काही झालेलं नाही. फक्त मांडी झोपलीय."

"आंगठा जागा आन मांडी झोपल्याली! असला कसला ह्यो पाय?"

येसूबाईने डोळे पुसले. पण तिची खात्री पटली नव्हती. चोराकडे बघावं तशी ती त्या मांडीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना आतून आरोळी आली.

"आई गं! मांडीची आग होतेय!"

येसूबाई पिठाच्या हातांनी तशीच धावली. "दुखतंय?"

"लय दुखतंय, आज्जी!"

"खरं सांग. दुखतंय न्हवं?"

"आता काय लिहून देऊ?"

येसूबाईने तिचा चेहरा पिठाळ हातांत धरला आणि हसू लागली.

"मी रडतेय आणि तू हसतेस?"

"रड, बाय. चांगली मोठ्यानं रड."

सारिकाचा खुबा बरा झाला. मांडीवर डाग मात्र राहिला. त्या इंजेक्शनवरचा येसूबाईचा संशय शेवटपर्यंत गेला नाही, आणि माझाही पुरता गेलेला नाही. पण मित्रांनो, माझी एक विनवणी ऐका. बधिर अंगाला माया करताना घाई करू नका. आधी नुसतं बोट टेकवून विचारा, "कळतंय का?" उत्तर आलं नाही, तर माझ्यासारखीला दूर ठेवा.

सारिका पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरली, त्याच्या पुढच्या माघात, हरभरा काढणीच्या दिवसांत, येसूबाई वारली.