आईला कन्नड शिकवणारा केंचा

मी केंचा बोलतोय. केंचा म्हणजे कन्नडमध्ये तांबूस. माझा रंग पाहून नागराजअण्णाने हे नाव ठेवलं. अण्णा बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, एका उंच इमारतीच्या फाटकावर राखणदार होता. माझी आई गाडीखाली गेली तेव्हा मी मुठीएवढा होतो. अण्णाने मला आपल्या खुर्चीखाली ठेवलं, डब्यातला भात भरवला, शहाणं केलं. 'बा' म्हटलं की यायचं, 'कूतको' म्हटलं की बसायचं, 'निल्लु' म्हटलं की जागीच थांबायचं.

मग अण्णाची बदली झाली. नव्या जागी कुत्रं चालणार नव्हतं. येता-जाता मला बिस्कीट देणाऱ्या स्वानंदीताईला त्याने हात जोडले. "अक्का, याला रस्त्यावर टाकवत नाही हो."

असा मी नवव्या मजल्यावर आलो.

ताई दिवसभर ऑफिसात असायची. घरी तिची आई, पद्मावतीबाई. मीही त्यांना आईच म्हणतो. आयुष्यभर कऱ्हाडात ब्लाउज शिवले त्यांनी. दुकानात सकाळपासून बायकांची वर्दळ, मशीन चालायची तशी जीभही चालायची. बाबा गेल्यावर ताई त्यांना इकडे घेऊन आली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. खाली सगळे कन्नड बोलतात म्हणून आई खाली उतरायची नाही. साधी कोथिंबीरसुद्धा ताई संध्याकाळी येताना आणायची.

"आई, ताट तसंच आहे. आजही जेवली नाहीस?"

"भूक नाही गं. मला कऱ्हाडला नेऊन सोड."

"तिथं एकटी कशी राहशील?"

"मग इथं कोण आहे?"

ताई चप्पलही न काढता भात गरम करायला गेली.

मला पाहून आई आणखीच वैतागली. "बस!" म्हणाली. मी उभाच. "अरे, बाजूला हो!" त्यातला 'बा' तेवढा मला कळला. मी शेपूट हलवत तिच्या अंगाशी गेलो.

"बहिरं आहे का वेडं आहे हे कुत्रं?"

ताईने हसू दाबत अण्णाला फोन लावला. फोनमधून आवाज आला, "केंचा, कूतको!" मी झटकन बसलो. मग उठून अण्णाला शोधू लागलो. सोफ्यामागे पाहिलं, दाराशी जाऊन वास घेतला, तिथेच कुंईकुंई करत राहिलो.

आई हळूच माझ्याजवळ येऊन खाली बसली. पहिल्यांदाच तिचा हात माझ्या डोक्यावर आला. "तुझंही माणूस लांब गेलं होय रे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आई माझे शब्द बोलू लागली. आधी चुकतमाकत, मग ठसक्यात. ते शब्द संपले की मराठीत सुरू व्हायची. दुकान, बाबा, काजं-बटणं, सगळं मला सांगायची. मी तिच्या ताटाकडे बघत बसलो की तिला एकटीने जेवणं बरं वाटेना. मला एक घास, तिला एक घास, असं ताट रिकामं व्हायचं. मला फिरवायला म्हणून ती खालीही उतरू लागली, पण मान खाली घालूनच.

एके सकाळी आम्ही फाटकाशी असताना बाहेरून जाणाऱ्या ट्रकचं टायर फुटलं. एवढा मोठा आवाज! मी पट्ट्यातून मान सोडवली आणि पळत सुटलो. पार उड्डाणपुलापर्यंत गेलो आणि एका चहाच्या टपरीच्या बाकाखाली शिरलो. घराचा वास कुठेच येत नव्हता.

पुढचं मी रिक्षावाल्या चंदनच्या तोंडून ऐकलं. आई फाटकाबाहेर धावत आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याच्यावर ओरडली, "निल्लु! बा! कूतको!" माझ्यामुळे शिकलेलं सगळं कन्नड एका दमात. चंदनने रिक्षा थांबवली आणि तो चिडलाच. "अम्मा, नानेनु नायीना?" म्हणजे, मी काय कुत्रा आहे?

'नायी' हा शब्द आईला ठाऊक होता. "नायी इल्ला! नायी इल्ला!" म्हणत ती रडायलाच लागली. तिला म्हणायचं होतं, माझं कुत्रं कुठे दिसत नाही हो. मग चंदनने तिला रिक्षात बसवलं. सगळा रस्ता दोघं मिळून हाका मारत आले.

ती हाक मी ओळखली. बाकाखालून निघून थेट आईच्या मांडीवर गेलो. तिने मला घट्ट धरलं आणि टपरीवरच्या अनोळखी माणसांसमोर हसली, रडली, काय काय बोलली. कुणाला मराठी कळलं नसेल, पण एकाने तिला पाणी दिलं, एकाने चहा. तिने तो सगळा प्यायला.

परतताना चंदनने तिला हातवारे करत शिकवलं, "अम्मा, माणसांना 'बन्नी' म्हणायचं, म्हणजे या. 'कूतकोळ्ळी' म्हणायचं, म्हणजे बसा." फाटकाशी फुलं विकणाऱ्या धनलक्ष्मीला हा किस्सा कळला आणि तिची हसून मुरकुंडी वळली. चार दिवसांनी तीच एक ब्लाउज घेऊन वर आली. बाही सैल करून हवी होती. मग तिची जाऊ आली, मग सातव्या मजल्यावरच्या शिवलीलाअक्का.

आता माझ्या तोंडाशी पांढरे केस आलेत. दुपारी मशीनच्या आवाजात मला छान झोप लागते. आई बाबांच्या आठवणीने अजूनही कधी गप्प होते. तेव्हा मी उठून तिच्या पायावर हनुवटी ठेवतो. त्यापलीकडे मला काही करता येत नाही, पण बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

तुमच्या घरीही कुणी असं गप्प होत चाललं असेल, तर फाटकाबाहेरचं एखादं पिल्लू घरात आणून बघा. पहिले काही दिवस ते चपला चावेल. तेवढं सोसा.

बरं, उठतो आता. दाराची घंटा वाजतेय आणि आई तोंडात टाचण्या धरून कुणाला तरी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत "स्वल्प थांबा हं!" म्हणतेय.